घरगाडीची गरम जमीन

शेवटची पट्टी दाबून बसवली, तिच्यावरून प्रेमानं हात फिरवला आणि दावेवाला पलंगावर मांडी घालून बसला. समोर घरगाडीची नवीकोरी जमीन पसरली होती. ड्रायव्हरच्या सीटमागून थेट पलंगाच्या पायापर्यंत कुठे एक फट नाही. वर लाकडी रंगाच्या पट्ट्या, पट्ट्यांखाली ओला गोंद, गोंदाखाली तापणाऱ्या तारांची चटई. इतकं नेटकं काम आपल्या हातून झालं यावर त्याचा विश्वास बसेना. मग त्याच्या लक्षात आलं की दरवाजा पलीकडच्या टोकाला आहे.

तो बराच वेळ दरवाज्याकडे बघत राहिला. दरवाजा काही जवळ आला नाही.

त्याला सगळे दावेवाला म्हणत, कारण विमा कंपनीत तो अपघातांचे दावे तपासायचा. टाकीत पेट्रोल आहे का हे काडी पेटवून बघणारे, टीव्ही टांगताना भिंतीतल्या पाण्याच्या नळीत खिळा ठोकणारे, अशा लोकांच्या फायली वाचून तो रोज संध्याकाळी घरी येऊन बायकोला विचारायचा, "माणसं इतकी बिनडोक कशी असतात गं?"

बायको शाळेत गणित शिकवायची. तिचे पाय बारा महिने गार असायचे. उन्हाळ्यातसुद्धा ती दोन-दोन मोजे घालून झोपे, आणि झोपेत तिचा पाय लागला तर दावेवाला ओरडून उठे. त्यानं हौसेनं जुनी घरगाडी घेतली, चाकांवरचं अख्खं घर, तेव्हापासून ती गेटबाहेर रस्त्यावर उभी होती. बायको एकदा आत चढली, मोजे काढून जमिनीला पाय लावून बघितला आणि खाली उतरली.

"बर्फाच्या कारखान्यात सुट्टी काढायची नाही मला. जमीन गरम करा, मग येते."

हे बोलताना तिचा हिशेब पक्का होता. या गृहस्थांनी लग्नापासून नळाचा वॉशरही बदललेला नव्हता. पण दावेवाल्यानं रजा टाकली. ओटा, कपाटं, टेबल उचकटून अंगणात मांडलं, जुनी कुजकी जमीन उकरून काढली आणि चटई अंथरली. पट्ट्या लावायला सुरुवात केली ती दारापासून, कारण पाहुण्याची पहिली नजर दारातच पडते, तिथे काम झकास हवं. परवा सकाळी निघायचं ठरलं होतं.

आता तीच बायको दारात येऊन उभी राहिली.

"झालं वाटतं! जेवायला चला."

"आत पाय टाकू नकोस!"

"नाही टाकत. तुम्ही बाहेर या."

दावेवाल्यानं खाली बघितलं, वर बघितलं. "मी उद्या जेवीन म्हणतो."

बायकोची नजर दारापासून पलंगापर्यंत गेली आणि तिथून परत आली. उत्तर तिला आधीच मिळालं होतं, पण वर्गातली सवय. "म्हणजे नेमकं काय झालंय, जरा सांगा बघू."

"गोंद उद्या दुपारी धरेल. तोवर एक पाऊल जरी पडलं तरी पट्ट्या सरकणार, खालची तार तुटणार, सगळं उकरून पहिल्यापासून. मग परवाचं जाणं कॅन्सल."

"अरेरे," ती म्हणाली. त्या अरेरेत दुःख शोधावं लागलं असतं. "या की मग चालत. जाऊ पुढच्या वर्षी."

"मेलो तरी पाय खाली ठेवणार नाही!"

त्यानं मागच्या खिडकीतून निघायचा प्रयत्न केला. डोकं गेलं, एक खांदा गेला, दुसरा खांदा म्हणाला मी इथंच बरा आहे. तेवढ्यात सासरे मागे आले. ते यांच्याकडेच राहायचे, आणि जावई काही दुरुस्त करायला लागला की सगळी कामं सोडून बघायला यायचे.

"जावईबापू, चाललात कुठे?"

"कुठेच नाही, बाबा."

"मग केळी खा." सासऱ्यांनी प्राणिसंग्रहालयात सारतात तशी केळी खिडकीतून आत सारली. "एक सुचवू? ही जमीन गरम होते ना? मग करा की गरम. गोंद तासाभरात सुकेल."

दावेवाला चमकला. इतकी साधी गोष्ट! गोंदाच्या डब्यावर याबद्दल काहीतरी लाल अक्षरात लिहिलं होतं, पण डबा दाराशी होता आणि लाल अक्षरं लांबून वाचता येत नाहीत.

"करा. पण अगदी मंद हं, बाबा!"

सासऱ्यांनी घरातून लांब वायर ओढून आणली. वायरीचं दुसरं टोक स्वयंपाकघरातल्या प्लगांच्या बोर्डाला होतं आणि त्याच बोर्डाला त्यांची इस्त्री, कारण ते अर्धा शर्ट इस्त्री करून उठले होते. त्यांनी गाडीची पिन जोडली, दारातून हात घालून बटण फिरवलं. चष्मा इस्त्रीच्या टेबलावर होता.

"मंद केलं," ते म्हणाले.

थोड्या वेळानं दावेवाल्यानं स्वेटर काढला. मग शर्ट. खालून ऊब येत होती, मग वाफ यायला लागली. गोंद सुकायचं सोडून पातळ होऊ लागला आणि मधली एक पट्टी सावकाश डावीकडे निघाली.

"बाबा! बंद करा! बाबा!"

पण बाबा रस्त्यावर एका शिट्टीवाल्या माणसाशी बोलत होते. तो रस्त्याच्या कामाचा मुकादम होता. त्याच्यामागे डांबराचा ट्रक धूर सोडत उभा होता आणि ट्रकमागे रोलर.

"कुणाची गाडी ही? हलवा लवकर! नोटीस लावली होती की गेटवर!"

नोटीस होती खरी. तिच्या पाठीवर दावेवाल्यानं पट्ट्यांची मापं काढली होती.

"मालक आत आहेत," बायको म्हणाली.

"मग सांगा त्यांना, घ्या पुढं."

"ते पलंगावर आहेत. उतरता येत नाही."

मुकादमानं टोपी काढली. "फार आजारी आहेत का?"

आतून आवाज आला, "मी ठणठणीत आहे!" मागच्या काचेला एक घामाघूम उघडा माणूस केळं हातात घेऊन चिकटला होता. मुकादमानं टोपी परत घातली.

"हे बघा ताई, माझं डांबर गार पडतंय. मीच नेली असती, पण मला फक्त रोलर येतो."

"मी चालवतो की!" सासरे पुढे सरसावले.

"बाबा, तुम्ही गेटसुद्धा दोनदा पाडलंय," बायको म्हणाली. तिनं पदर खोचला, पर्स घेतली आणि पुढच्या दारानं ड्रायव्हरच्या सीटवर चढली. शाळेत ती डबीएवढी गाडी घेऊन जायची. इथं स्टिअरिंग परातीएवढं होतं.

"अगं, सावकाश! जमिनीला धक्का लागता कामा नये!" मागून दावेवाला ओरडला.

"गप्प बसा, मी बघतेय ना!"

गाडी हलली. वायर ताणली गेली. स्वयंपाकघरातून आधी बोर्ड आला, बोर्डामागून इस्त्री आली, आणि दोघं उड्या मारत गाडीमागे निघाले. दावेवाल्याखालची जमीन एकदाची तापायची थांबली. इस्त्री मात्र पुढच्या कोपऱ्यावर ओल्या डांबरातून गेली आणि रस्त्यावर एक गुळगुळीत पट्टा उमटला. मुकादम धावत म्हणाला, "अहो, रोलरच्या आधी कुठे इस्त्री करताय!" त्याच्यामागून सासरे हात हलवत पळत होते. दावेवाल्याला वाटलं, निरोप देतायत. त्यानंही हात हलवला.

"घे आता कोपऱ्यावरून आत, आणि रिव्हर्स मारून ठेव," तो म्हणाला.

"मला रिव्हर्स येत नाही."

"काय?"

"शाळेत सरळ आत जाते, दुसऱ्या गेटनं सरळ बाहेर येते. रिव्हर्स कधी लागलाच नाही."

मागे डांबर, डाव्या गल्लीत डांबर, उजवीकडे एकेरी वाहतूक. गाडी सरळ गेली, कारण सरळ जाण्यावाचून तिला काही येत नव्हतं. चौकात बसवाल्यानं स्वतःहून वाट दिली. पुलाखालून जाताना तिनं उगीचच मान वाकवली. मग मोठा रस्ता लागला, आणि बऱ्याच वेळानं पुढून गुणगुणणं ऐकू आलं. दावेवाल्यानं इतक्या वर्षांत तिला गुणगुणताना ऐकलं नव्हतं.

"अगं, वळायला जागा मिळाली का?"

"दोन मिळाल्या."

"मग?"

"मग काय! इथं किती उंच बसतो आपण! सगळ्यांच्या टपांवरची धूळ दिसते. आणि अहो, माझे पाय!"

"गार पडले ना? सांगितलं होतं, पुढे चटई नाही—"

"मोजे काढलेत मी. इंजिन इथं पायाखालीच आहे, मस्त ऊब येते. तुम्हाला नव्हतं माहीत?"

दावेवाला नव्या जमिनीकडे बघत राहिला. डावीकडे निघालेली पट्टी वळणावर सरकत आपल्या जागी येऊन बसली होती आणि आता अजिबात हलत नव्हती.

"आपण परवा निघणार होतो," तो हळूच म्हणाला.

"आज निघालो. तसंही तुम्हाला उद्यापर्यंत उतरता येणार नाहीये."

"ओटा अंगणात राहिला!"

"बाहेर खाऊ."

"माझा शर्ट गोंदात पडलाय!"

"तुम्हाला कोण बघतंय मागे?"

मागच्या ट्रकवाल्यानं त्याला हात केला. दावेवाल्यानं पांघरूण गळ्यापर्यंत ओढलं. स्टिअरिंगवर आपण, शेजारी नकाशा धरून बायको, असं चित्र त्यानं मनात किती वेळा रंगवलं होतं. त्यात तो सामानाच्या जागी कधीच नव्हता.

"अहो, बघा, बघा! केवढा तलाव!" पुढून बायको ओरडली.

"कुठे?"

"हा काय, समोर!"

दावेवाला मागच्या काचेला नाक लावून बसला आणि तलाव यायची वाट बघू लागला.