म्हैस, जवसाचं तेल आणि तुमचा डेक

साहेब, आमच्या तांड्यातली माणसं तुम्ही पाडली! चालत्या-बोलत्या माणसांना पाडायचं काम तुम्ही मंजूर करून केलंत!

तळ्याला चांगल्या दगडी पायऱ्या होत्या. तुम्ही त्या झाकून लाकडी फळ्यांचा उतार ठोकलात, ‘निसर्ग डेक’ अशी पाटी लावलीत, फीत कापलीत, खोबरं खाल्लंत आणि गेलात. पावसाळ्यात त्या फळ्यांवर असं शेवाळ माजलं की बेडूकसुद्धा कडेच्या गवतातून जायला लागले!

आणि अशात तीज बुडवायचा दिवस उद्यावर आला. पोरींनी टोपल्यांत वाढवलेला हिरवा गहू डोक्यावर नेऊन तळ्यात सोडायचा. माझ्या लेकीची, राखीची, लग्नाआधीची ही शेवटची तीज. टोपली वाटेत सांडली असती, तर पोरीनं जन्मभर मनात धरलं असतं.

तांड्याचे नाईक धावजी काळजीत पडले. मी छाती ठोकली, “नाईक, मी हाये ना! फळ्या अशा करतो का नवरदेव घोड्यासगट उतरला पाह्यजे!”

खराटा, राख, सोडा. दिवसभर घासलं. लाकूड निघालं पांढरंफटक, कोरडं ठणठणीत. मला कीव आली. बैलबंडीच्या लाकडाला आपण दरसाल तेल पाजतो, मग सरकारी लाकडानं काय पाप केलं? पाजलं डबाभर जवसाचं तेल!

बायको बिजलीबाई म्हणाली, “अवो, बंडीवर कोनी चालते काय?”

“तुले लाकडातलं काय समजते!”

सकाळी वाजतगाजत निघालो. वरून झिमझिम पाऊस. मानाचं पहिलं पाऊल धावजी नाईकांचं. दुसरं टाकायची गरजच पडली नाही! ब्रेक गेलेल्या एसटीसारखे ते थेट पाण्याच्या काठाशी जाऊन बसले.

“शंकऱ्या! काय लावलं बे फळीले?”

“तेल, नाईक.”

“मले तळून खायाचं होतं काय?”

पायाला पकड यावी म्हणून मी धावत जाऊन घरच्या म्हशीच्या सरकीचं पोतं आणून ओतलं. तेलावर सरकी म्हणजे पायाखाली छर्रे! स्वतःच पाय ठेवून पाहिला, आणि धावजींना मागे टाकून कमरेइतक्या पाण्यात गेलो.

वरून बिजलीबाई ओरडली, “खुराक सांडला थो सांडला, आता म्हैस सुटली पाहा!”

सरकीच्या वासानं म्हैस डेकवर आली. चार पाय चार तालुक्यांत फाकले. तिनं मुंडी वर केली तर समोर वरच्या फळीवर उभ्या राखीची टोपली, हिरवीगार! म्हशीनं जीभ काढली.

“पोरींहो, बसा खाली!” राखी ओरडली.

दोन्ही हातांनी डोक्यावरची टोपली धरून ती मटकन बसली आणि म्हशीच्या बाजूनं सुर्रकन घसरत पाण्यात! मागून एकेक पोर, रांगेनं. एक अंकुर सांडला नाही! तीज बुडवताना पोरी रडतात. यंदा सगळ्या हसत होत्या. रडत होते फक्त धावजी, कंबर धरून.

म्हैस मात्र अजून डेकवरच आहे. पाऊल उचलत नाही. तुमच्या हापिसात गेलो. एक टेबल म्हणतं, “बांधकाम आमचं, धुणं-पुसणं आमच्याकडे नाही.” दुसरं म्हणतं, “म्हैस जमिनीवर आली की आमच्याकडे या.”

फळ्या तुमच्या, शेवाळ तुमचं. (तेल माझं. त्याचं घरी ऐकून घेतोच आहे.) पण हा डेक धुणार कोण, हे ठोकायच्या आधी कोणी विचारलं होतं? जवाब द्या! आणि लवकर द्या, साहेब. बिजलीबाई बादली घेऊन उभी आहे. म्हणते, “त्या साहेबाले इचारा, धार काढाले थो येते का मी जाऊ?”