दूध म्हणजे खाणं नव्हे

दवाखान्याच्या जीपमधून आलेल्या चिन्मयीनं श्वास मोजायचं यंत्र गवळीवाड्यातल्या फणसाखाली टेबलावर मांडलं आणि पहिलं नाव पुकारलं, "रचना भरमू!"

श्वासनलिकांना आतून सूज असली की उच्छ्वासातला एक वायू वाढतो. यंत्र तेवढाच मोजतं; पण आधीच्या तासाभरात काही खाल्लं-प्यायलं असेल तर आकडा चुकतो. नऊ वर्षांची रचना तीन महिने दम्याचा पंप ओढत होती. आज आकडा वीसच्या आत आला, तर डॉक्टर तिला जूनमध्ये खानापूरच्या वसतिगृहात जाऊ देणार होते. तिची पेटी भरूनही झाली होती.

"तासाभरात काही खाल्लं-प्यायलं नाहीस ना?"

"न्हाय."

पण रचनाच्या वरच्या ओठावर पांढरी रेघ होती.

"हे काय?"

"दूध."

"दूध म्हंजे खानं व्हय?" तिची आत्ती जयाबाई दारातून म्हणाली. "दूध आमी मोजत न्हाय."

माणसांपेक्षा म्हशी जास्त असलेल्या वस्तीत हे बरोबरच होतं. चौकशी केल्यावर कळलं, तपासणीला आलेली अकराही मुलं न मोजलेलं दूध पिऊन आली होती. साडेनऊ झाले होते. चिन्मयीनं वहीत लिहिलं : साडेदहा.

सव्वादहाला रचना ताकाचा तांब्या खाली ठेवताना दिसली.

"अहो जयाबाई!"

"दूध नको म्हनलासा. ताकाचं कुटं बोल्लासा?"

चिन्मयीनं साडेदहा खोडून सव्वाअकरा लिहिलं आणि मोठ्यानं यादी सांगितली : दूध, ताक, दही, चहा, पाणी. अकरा वाजता सगळी मुलं बोटं चाटत होती. यादीत लोणी नव्हतं.

आता बारा. आणि जीप एकला परत जाणार होती.

"आक्का, पोरीचं जायचं अडलंय नव्हं!" रचनाचा बाप भरमू काकुळतीला आला.

"जानार म्हनूनच घालतोय की! थितं कोन देनार हाय तिला लोनी?" जयाबाईनं डोळ्याला पदर लावला, मग तोफ चिन्मयीकडं वळवली. "आन् पावनी सकाळधरनं कोरडीच. कुनाच्या तरी पोटात गेल्याबिगर माजा हात थांबायचा न्हाय, सांगून ठेवतो."

चिन्मयीनं शांतपणे विचार केला. हात थांबणार नव्हता. फक्त दिशा बदलता येण्यासारखी होती.

"मला द्या," ती म्हणाली.

त्यानंतर जयाबाई मुलांकडं वळली की चिन्मयी पेला पुढं करी. दूध झालं, ताक झालं, वाटीभर खरवस झाला, पुन्हा दूध आलं. रांगेत बसलेली मुलं मोजू लागली.

"पाच!"

"खरवस धरून सा की रं!"

"ताई, बसून घ्या वाईच," भरमू हळहळला.

बारा वाजता रचनानं नळी तोंडात धरली. एकसारखं फुंकून पडद्यावरचा ढग दोन रेघांच्या मधे सहा सेकंद तरंगत ठेवायचा होता. ढग थरथरला, सावरला, तरंगला. तेवढा वेळ जयाबाईनं मात्र श्वास सोडला नाही.

"सतरा," चिन्मयी म्हणाली. "जा तू जूनमध्ये."

भरमूनं उगीचच टोपी काढून पुन्हा घातली. जयाबाईनं रचनाच्या तोंडावरून हात फिरवला आणि कुणी काही म्हणायच्या आत तिच्या हातात पेला दिला. आता हरकत नव्हती.

एकच्या ठोक्याला अकरावं मूल फुंकून मोकळं झालं. एका बाजूनं भरमूनं, दुसऱ्या बाजूनं रचनानं धरून चिन्मयीला जीपमध्ये बसवलं.

"तीन महिन्यांनी... परत येते," ती कशीबशी म्हणाली.

जयाबाई खिडकीशी आली. तिनं चिन्मयीला खालवर न्याहाळलं आणि हळू आवाजात, तिचा मान राखून म्हणाली,

"पुडच्या बारीला दोघी या बाई. एकलीचं काम न्हवं हे."