धसकीचं बिनझाडांचं जंगल

एका जंगलात, मुलांनो, एक चमत्कारिक रीत होती. ज्याने वस्तू बनवली, त्यानेच तिची परीक्षा स्वतःच्या जिवावर द्यायची. रानडुकराने ओढ्यावर पूल बांधला, तेव्हा त्याला पुलाखाली उभं करून वरून हत्ती नेले होते. पूल टिकला. रानडुकराला मात्र त्या दिवसापासून वर बघवत नाही.

त्याच जंगलात धसकी नावाची एक सशीण राहायची. वाळकं पान पडलं तरी ती आधी बिळात शिरायची आणि मग चौकशी करायची. पण शिकलेली होती. डोंगरापलीकडच्या कॉलेजात पहिली आली होती.

झालं काय, की महाराजांचे, म्हणजे सिंहाचे, गुडघे धरले. राज्यात फेरफटका जमेना. म्हणून त्यांनी आत बसता येईल एवढा मोठा ड्रोन मागवला.

"याचं डोकं कोण बनवणार?" महाराजांनी विचारलं.

डोकं म्हणजे ऑटोपायलट. ते बसवलं की ड्रोन आपला आपण उडतो, कुणाला हाकावा लागत नाही.

सगळ्यांनी धसकीकडे पाहिलं. ती दचकली. दचकताना तिची मान हलली. महाराजांनी तो होकार धरला.

"मोहाचं झाड फुललं की उड्डाण," ते म्हणाले. "आणि रीतीप्रमाणे आधी तू बसायचंस."

आता असलं डोकं कुणी एकदम हवेत सोडत नाही. आधी कॉम्प्युटरच्या आत एक खोटं जंगल उभारतात आणि त्यात खोटा ड्रोन उडवतात. पडला तरी कुणाला लागत नाही. याला सिम्युलेशन म्हणतात. धसकीला ही कल्पना फार आवडली. तिला सगळं आयुष्यच तसं हवं होतं.

ती कामाला लागली. खोटं जंगल उभारणारा सिम्युलेटर म्हणाला, आधी अमुक सॉफ्टवेअर टाक. अमुक म्हणालं, तमुक असल्याशिवाय मी येत नाही. तमुक आलं, पण ते नवं निघालं. अमुकला जुनं हवं होतं. जुनं टाकलं, तर कॉम्प्युटरच रुसून बसला. पडद्यावर लाल अक्षरं आली की धसकी टेबलाखाली.

हुप्प्या वानर याच कामावर होता. तो आपला कॉम्प्युटर घेऊन झाडावर बसला होता. शेंगा सोलत म्हणाला, "माझ्या फांदीवर तर चालतंय."

"मग मी तुझ्या फांदीवर येऊ का?"

"ये की. चढता कुठे येतं तुला?"

शेवटी धसकीने सगळं पुसलं आणि पहिल्यापासून टाकलं. या वेळी चाललं. का चाललं ते तिला कळलं नाही, म्हणून तिने पुन्हा हात लावला नाही.

खोटं जंगल उभं राहिलं. खोट्या ड्रोनमध्ये तिने एक खोटी सशीण बसवली. ड्रोन उडाला आणि ऐनाच्या झाडावर आदळला. पुन्हा उडवला, तर वाऱ्याने सागावर नेऊन घातला. दर वेळी खोटी सशीण गरगरत खाली यायची आणि खरी सशीण टेबलाखाली जायची.

प्रकल्पाचे प्रमुख कोल्हेसाहेब पाहायला आले.

"साहेब, झाडांवर आदळतोय," धसकी म्हणाली.

"मग झाडं काढ ना."

"जंगलातली?"

"तुझ्या जंगलातली गं. मला महाराजांना कळवायचंय. वाराही काढ. आणि ही जनावरं कशाला भरलीस मधे मधे?"

साहेबांपुढे बोलायची धसकीची छाती नव्हती. तिने झाडं काढली, वारा काढला, जनावरं काढली. ड्रोन सुरेख उडाला. 'शंभर टक्के यशस्वी,' असं साहेबांनी कळवूनही टाकलं.

आणि मोह फुलला.

ड्रोन मोकळ्यावर आणून ठेवला. सगळं जंगल जमलं.

"बस," महाराज म्हणाले.

धसकीने वर पाहिलं. वर ऐन होते, साग होते, वारा सुटला होता. जवळपास बीळ नव्हतं. आणि तोंडातून जे निघालं ते तिचं तिलाच नवं होतं.

"महाराज, ड्रोन उत्तम आहे. दोष जंगलात आहे."

कोल्हेसाहेबांनी डोळे मिटून घेतले.

"कसला दोष?"

"झाडं फार आहेत. माझ्या जंगलात एकही नाही. आपण... आपण आधी ते बघता का?"

तिने घाईघाईने कॉम्प्युटर उघडून खोट्या सशिणीच्या जागी खोटा सिंह बसवला. आयाळ जरा हात सैल सोडूनच दिली. सिंह उडाला. खाली राज्य पसरलं होतं, सपाट आणि स्वच्छ. ना झाड, ना वारा, ना गाऱ्हाणं घेऊन आलेलं कुणी.

"प्रजा कुठंय?"

"ती मधे मधे येत होती, महाराज. साहेबांनी काढायला लावली."

महाराजांनी आणखी एक फेरी मारली. मग म्हणाले, "कोल्हे, इतकं सुधारलेलं राज्य तयार असताना मी इथे काय करतोय?"

तेव्हापासून महाराज पडद्यापुढेच असतात. रोज उडतात, रोज सुखरूप उतरतात. गुडघ्यांची तक्रार नाही. कोल्हेसाहेबांना पदक मिळालं. खऱ्या ड्रोनमध्ये टिटवीने अंडी घातली आहेत. आणि कुणी महाराजांना भेटायला आलंच, तर धसकी दारातच हळू आवाजात सांगते, "जरा थांबा हं. आत्ता वर आहेत."

तात्पर्य: यंत्र जगात चालत नसेल, तर यंत्राला नावं ठेवू नयेत. जगातून झाडं, वारा आणि प्रजा वजा करून पाहावी. मग बहुतेक यंत्रं उत्तम चालतात, आणि राजे तर सगळेच.