गूळ कोण टाकणार?

वर्षाराणीनं स्टेटस टाकलं तेव्हा तिची भाकरी तव्यावर होती. भाकरी करपली, पण तिकडे बघायला बाईला सवड कुठली? डोळ्यांत पाणी, हातात मोबाईल आणि मनात सगळ्या पिंपळगाव रेणुकाईबद्दल संताप, अशी तिची त्या रविवारी सकाळची अवस्था होती.

झालं होतं असं, की तिची सात वर्षांची लेक राजनंदिनी न्याहारीला बसेना. ताटाला नाही म्हणणं हा त्या पोरीचा स्वभावच नव्हे. एखादी भाकरी जास्त मागेल, पण मागं सारणार नाही. त्यामुळे वर्षाराणी तवा तसाच सोडून तिच्यापाशी आली.

"काय झालं गं नंदी? पोट दुखतंय का?"

"मला हत्तीचं पिल्लू म्हणले," ओठ बाहेर काढून पोर म्हणाली.

"कोण म्हणलं?"

"न्हाई सांगत. तू चिडशील."

"मी काऊन चिडू? फक्त नाव सांग."

"बघ, चिडलीस."

आणि पोर जी गप्प बसली ती बसलीच. आता शहाण्या बाईनं काय केलं असतं? लेकराला मांडीवर घेतलं असतं, गोडीगुलाबीनं नाव काढून घेतलं असतं. पण वर्षाराणीनं आदल्याच दिवशी नेटपॅक मारला होता. तिनं राजनंदिनीचा फ्रॉकातला फोटो घेतला आणि त्याखाली लिहिलं, "ज्यांनी ज्यांनी माझ्या लेकराच्या वजनावर बोललं आहे, त्यांनी माझ्या दारात पाय ठेवू नये. समजनेवाले को इशारा काफी है." पुढे रागानं लाल झालेले चेहरे ओळीनं चिकटवले, व्हॉट्सॲपला टाकलं, फेसबुकलाही टाकलं, आणि मग करपलेली भाकरी कुत्र्याला घातली. तिला फार हलकं वाटलं.

आता, हे स्टेटस वर्षातल्या कुठल्याही दिवशी टाकलं असतं तरी चाललं असतं. पण येत्या मंगळवारी राजनंदिनीची गूळतुला होती.

ही पोर दिवस भरण्याआधीच जन्मली होती. जालन्याच्या दवाखान्यात काचेच्या पेटीत ठेवलेली, ओंजळीत मावेल एवढी. तेव्हा तिची आजी गोपिकाबाई दवाखान्याच्या फाटकाशी उभी राहून रेणुकाईला म्हणाली होती, "आई, एवढी पोरगी जगव. सातव्या वर्षी तुझ्या दारात गुळानं तोलीन." देवीनं आपलं काम केलं. पुढचं काम गोपिकाबाईंनी अंगावर घेतलं. तूप, खारीक, शेंगदाण्याचे लाडू, दुधावरची साय. सासूबाईंचा हात पोरीच्या तोंडापासून कधी लांब गेलाच नाही. या तुलेची रीत अशी, की गूळ घरच्यांनी आणायचा, पण तागडीत टाकायला घरच्यांचा, म्हणजे पोरीच्या चुलीवर जेवणाऱ्यांचा, हात लागता कामा नये; वेगळ्या चुलीची जाऊ किंवा सासरी गेलेली नणंद चालते. पोर गावाच्या आशीर्वादानं जगली म्हणून गावच्या बायकांनी एकेक भेली आपल्या हातानं पारड्यात ठेवायची. घरच्यांनी टाकला तर नवस फिटत नाही.

करपलेल्या भाकरीचा वास जायच्या आत पहिली स्वारी आली. शेजारच्याच घरात राहणारी मोठी जाऊ, सत्यशीला. ती उंबऱ्याबाहेरच थांबली, हातात मोबाईल तलवारीसारखा धरून.

"आत येऊ का न्हाई, ते आधी सांग."

"ताई, असं काऊन बोलून राह्यल्या तुम्ही?"

"मी बोलून राह्यले? दिवाळीत मी सहज म्हणल्ते, नंदीच्या फ्रॉकाला आता सतरंजीयेवढं कापड लागतंय. ते तू मनात धरून बसलीस, आणि साऱ्या जगाला सांगितलंस!"

वर्षाराणीचे डोळे विस्फारले. तिला हे ठाऊकच नव्हतं. "सतरंजी? ताई, तुम्ही माझ्या लेकीला सतरंजी म्हणल्या?"

"लेकीला न्हाई, कापडाला!"

एवढ्यात रस्त्यापलीकडून साळूबाई काकूंचा आवाज आला. काकूंनी पायही पुढे टाकला नव्हता. स्टेटसचा मान राखून त्या आपल्याच ओट्यावरून ओरडत होत्या. "वर्षाराणी, माझ्यावर आळ घेऊ नको हां! मी पोरीला जाडी कवाच म्हणलं न्हाई. मी तर रोज म्हणते, वाळली गं पोरगी, वाळली!"

"वाळली?" सत्यशीला गर्रकन वळली. "काकू, मोतीबिंदू काढून आणा जल्दी."

"तुझ्या नजरेनंच वाळली असंल! सतरंजी म्हणतीस लेकराला!"

"आणि वाळली म्हणणं म्हणजे वजनावर बोलणं न्हाई का? बराबर तुमच्यावरच आहे ते स्टेटस!"

"माझ्यावर? अगं, तुझ्यावर आहे!"

दोघी रस्त्याच्या अल्याडपल्याडून भांडू लागल्या, आणि ज्या दोघींवर ते स्टेटस मुळीच नव्हतं त्या दोघी ते एकमेकींच्या गळ्यात बांधू लागल्या. वर्षाराणी उंबऱ्यात उभी राहून आ वासून ऐकत होती. एक बाई हत्तीचं पिल्लू म्हणाली असेल अशी तिची समजूत होती. इथं तर घडोघडी नवीनच निघत होतं.

दुपारी अंगणवाडीच्या नंदाबाई आल्या, त्याही दाराबाहेर. आवाज अगदी थंड. "वर्षाताई, माझी नोकरीच लेकरांच्या वजनावर बोलायची आहे. तुमची नंदी माझ्याकडं होती तवा दर महिन्याला काट्यावर बसवून मी काय मुक्यानं खुणा करायला पाहिजे होत्या का? आता तुमच्या दारात मी पाय ठेवत न्हाई. मंगळवारचं बी जमायचं न्हाई."

"अहो मॅडम, तुमच्यावर न्हाई ते!"

"मंग कुणावर आहे?"

हाच तर प्रश्न होता. वर्षाराणीला उत्तर देता येईना. आणि ती गप्प बसली की समोरच्याची खात्रीच पटायची.

मग केदारखेड्याहून नणंदेचा, सुरेखाचा फोन आला. ती रडतच होती. "वहिनी, मी लाडानं गुब्बू म्हणते तिला. त्यासाठी माझं माहेर तोडलं तुम्ही!" तिला समजावून फोन ठेवते न ठेवते तोच फेसबुक वाजलं. तिथं ज्यांना पिंपळगाव नकाशावरही सापडलं नसतं अशा बायका जमल्या होत्या. एक म्हणत होती, ताई, खंबीर रहा. दुसरी म्हणत होती, बाळ गोड आहे पण साखर बंद करा. तिसरी साखर बंद करायची पावडर विकत होती. पोरीच्या वजनाबद्दल आतापर्यंत निदान गावातच बोलणं होतं, आता परगावची माणसं तिच्या पोरीची पोळी मोजायला बसली होती.

तिनं घाईघाईनं स्टेटस काढून टाकलं. ही तर घोडचूक झाली. बचत गटाच्या ग्रुपवर त्याचा स्क्रीनशॉट केव्हाच पोचला होता, आणि तिथं बायका लिहू लागल्या, की काढलं म्हणजे नक्कीच कुणाचं तरी पितळ उघडं पडणार होतं. मग तिनं खुलासा टाकला, "माझ्या स्टेटसचा गावातल्या कोणत्याही व्यक्तीशी संबंध नाही." त्यावर सत्यशीलेनं सगळ्यांदेखत लिहिलं, "म्हणजे आम्ही व्यक्ती बी न्हाई का?"

संध्याकाळी नवरा आदिनाथ शेतातून आला. चपला काढल्या, पाय धुतले आणि उंबऱ्याशी येऊन थबकला.

"काय झालं? या की आत," वर्षाराणी म्हणाली.

"न्हाई, मी वाचलं स्टेटस." तो मान खाली घालून म्हणाला. "मागं एकदा मी म्हणल्तो, नंदी मागं बसली की गाडीचं टायर दबतंय."

"अहो! तुम्ही बी?"

"मंग आता आत येऊ का न्हाई?"

वर्षाराणीचा पारा चढला. दिवसभराचा सगळा धक्का, सगळी शरम त्या बिचाऱ्यावर निघाली. "नियम म्हणजे नियम! सख्ख्या बापाला कसं माफ करू? बसा ओट्यावर!" आणि तिनं खरंच त्याचं ताट बाहेर नेऊन ठेवलं. आदिनाथ भांडखोर नव्हे. तो ओट्यावर सतरंजी टाकून जेवला आणि तिथंच राहिला.

इतका वेळ गोपिकाबाईंना यातलं काहीच माहीत नव्हतं. त्यांच्याकडे बटणाचा फोन. पण पोरगा ओट्यावर जेवताना बघून त्यांनी विचारलं, आणि विचारल्यावर सगळंच बाहेर आलं. वर्षाराणीला वाटलं, आत्याबाई आता भांडतील. त्या भांडल्या असत्या तर बरं झालं असतं. त्या नुसत्याच खाली बसल्या.

"कुणीच येणार न्हाई का गं मंगळवारी?"

"येतील, आत्याबाई."

"वजनावर बोलणाऱ्यांत पहिली मी. उठल्यापासून निजेपर्यंत तेच बोलून राह्यले. पोरगी भरली का, पोरगी भरली का." त्यांनी ओंजळ करून दाखवली. "काचेच्या पेटीत बघितलं न्हाई का तू तिला? मला अजून दिसतं ते. आता देवीला काय सांगू, गाव रुसलं म्हणून गूळ टाकायला हात मिळंना?"

वर्षाराणीला मेल्याहून मेल्यासारखं झालं. सोमवारी ती हळदीकुंकवाची कुयरी घेऊन दारोदार फिरली. प्रत्येक दारात मोबाईलवर हात ठेवून शपथ घेतली, की पुन्हा स्टेटस टाकणार नाही. बायका कठोर नव्हत्या. "येऊ की, आत्याबाईंसाठी येऊ," सगळ्याच म्हणाल्या. पण प्रत्येकीनं पुढं जोडलं, "आम्ही बोलणार मात्र काहीच न्हाई बरं."

आणि खरंच, मंगळवारी सगळ्या आल्या. केदारखेड्याची सुरेखासुद्धा. रेणुकाईच्या सभामंडपात आडतीवरून आणलेली जुनी तागडी टांगली होती. एका पारड्यात नवा परकर-पोलका घालून राजनंदिनी बसली, तिचं पारडं खाली टेकलं. दुसरं रिकामं पारडं वर लोंबत राहिलं. शेजारी गुळाच्या भेल्यांची रास. पुजाऱ्यानं मंत्र म्हटले आणि सांगितलं, "हां, टाका गूळ."

कुणी हलेना.

साळूबाई देवीच्या कळसाकडे बघत होत्या, सत्यशीला पायाच्या बोटांकडे, नंदाबाई भिंतीवरच्या वर्गणीदारांच्या नावांकडे. बायकांनी गप्प राहायचं कबूल केलं होतं, पण तागडीपुढं उभं राहिल्यावर खरी अडचण लक्षात आली. भेली टाकायची म्हणजे तरी काय? एकच टाकून थांबलं तर पोरगी हलकी म्हटल्यासारखं. टाकतच राहिलं तर जड म्हटल्यासारखं. तोंड मिटलं तरी हात बोलणारच.

"अहो, टाका ना कुणीतरी," आदिनाथ कळवळून म्हणाला.

"तुम्हीच सांगा, किती टाकू?" सत्यशीला हळूच म्हणाली. "मंग वर्षा स्टेटस टाकील, जाऊनं ढीग लावला म्हणून."

गोपिकाबाईंनी पदराचा बोळा तोंडात धरला. सात वर्षं ज्या दिवसाची वाट पाहिली, तो दिवस समोर असा लोंबकळत होता. वर्षाराणीनं एक भेली उचललीच होती, पण सासूबाईंनी तिचा हात धरला. घरच्यांचा हात चालत नव्हता.

तेवढ्यात पारड्यातून आवाज आला. "अगं, टाका की जल्दी! मी वर्गातल्या साऱ्या पोरींना गूळ कबूल केलाय. आणि कंजूषपणा करू नका. मी काय एवढीशीच आहे का?"

मग साळूबाई काकू फिस्सकन हसल्या. त्यांनी दोन्ही हातांनी भेली उचलली आणि रिकाम्या पारड्यात ठेवली. पारडं हललंसुद्धा नाही.

"अजून!" राजनंदिनी ओरडली.

सत्यशीलेनं ठेवली. नंदाबाईंनी ठेवली. सुरेखानं "घे गं गुब्बू" म्हणत ठेवली आणि जीभ चावली, पण कुणी काही म्हणालं नाही. दर भेलीला पोरगी पारड्यातून "अजून, अजून" म्हणून ओरडत होती, बायका हसून हसून एकमेकींच्या अंगावर पडत होत्या, आणि रास संपत आली तशी पोर अलगद जमिनीवरून वर उचलली गेली. दोन्ही पारडी बरोबरीत आली तेव्हा गोपिकाबाई धाय मोकलून रडल्या. "भरली गं माझी पोरगी," एवढंच त्या पुन्हा पुन्हा म्हणत राहिल्या. साळूबाईंनी सत्यशीलेच्या तोंडात गुळाचा खडा घातला.

वर्षाराणीचंही काळीज भरून आलं. ती धावत पुढं गेली, तागडीतल्या लेकीला काखेत हात घालून उचललं, आणि उचलता उचलता कमरेत कळ आली.

"अगं आई गं! हत्तीचं पिल्लू झालंय नुस्तं!"

पुजाऱ्याच्या हातातली घंटासुद्धा थांबली.

"हे बघा!" राजनंदिनी आईच्या कडेवरूनच सगळ्यांना सांगू लागली. "शनिवारी बाजारातून आल्यावर गाडीवरून उतरवताना बी असंच म्हणल्ती! नाव सांगितलं असतं तर चिडली असती, म्हणून मी सांगितलं न्हाई."

वर्षाराणीनं सत्यशीलेकडे पाहिलं. साळूबाईंकडे पाहिलं. नंदाबाईंकडे बघायची तिची छातीच होईना. गोपिकाबाईंनी डोळे पुसले आणि सुनेला शांतपणे विचारलं, "वर्षा, मंग आता घरी कशी येणार गं तू? दारात तर पाय ठेवायचा न्हाई."

कुणी हसायच्या आत आदिनाथ पुढं झाला. त्यानं लेकीला तिच्या कडेवरून घेतलं, खांद्यावर नीट बसवलं आणि बायकोला म्हणाला, "चल. ओट्यावर जागा आहे."