तिसरं ‘नको’

माणसाचं पोट कापण्याआधी त्याचं मन तपासावं, हे ज्या देशाला सुचलं तो देश थोर आहे. (आमच्या वेळी पोटसुद्धा कोणी तपासत नसे; ताट रिकामं दिसलं की वाढत.)

माझी मुलगी गिरिजा लंडनला, ईलिंगच्या कौन्सिलमध्ये नोकरीला असते. तिचे गुडघे गेले, शुगर वाढली, म्हणून डॉक्टरांनी पोट लहान करायचं ठरवलं. पण आधी सायकॉलॉजिस्टबाईंची मंजुरी हवी; नाही मिळाली तर पुन्हा वर्षभर रांगेत. भुकेपेक्षा जास्त का खाता, या प्रश्नाला गिरिजाने एका शब्दात उत्तर दिलं: आई. पुढच्या भेटीला बाईंनी मलाही बोलावलं. अनुभवी माणसाचा सल्ला घेण्याची ही पद्धत मला फार आवडली.

गिरिजा ‘नको’ म्हणते तेव्हा तुम्ही काय करता, असं बाईंनी विचारलं. मी नियमावली समजावून सांगितली. पहिलं ‘नको’ शिष्टाचाराचं, दुसरं लाजेचं. तिसरं खरं असू शकतं, पण तोवर पोळी ताटात पडलेली असते. साताऱ्याला माझ्या लग्नात नानामामांनी ताटावर आडवा हात धरला, तेव्हा वाढप्यांनी जिलब्या हातावर वाढल्या. मामांनी त्या खाल्ल्या. त्या पंगतीतलं कोणी मानसोपचार घेतल्याची नोंद नाही. (मामा पुढे शुगरनेच गेले, पण तो विभाग वेगळा.)

गिरिजा खाली बघत म्हणाली, “आई, मी चाळीस वर्षं खरंच नको म्हणत होती.”

“अगं, मग नीट सांगायचंस.”

“कसं? हात ठेवला तर तू हातावर वाढते.”

बाईंनी पेन खाली ठेवलं.

निकाल आला: शस्त्रक्रिया मंजूर, अट एकच, उपचार आईवर. सहा बैठका झाल्या आणि मी पूर्ण बरी झाले. आता एकदाच विचारते. ‘नको’ ऐकलं की भांडं झाकते. ऑपरेशननंतर गिरिजा चार चमचे वरणभात खाऊन उठते. परवा मात्र जन्मात पहिल्यांदा स्वतःहून म्हणाली, “आई, अजून एक चमचा दे.” मी एकच दिला. (दुसरा हातात तयार होता, तो मी खाल्ला.)

मग एजवेअरचे सुहासभाऊजी सहकुटुंब जेवायला आले. श्रीखंडाला “नको, नको” म्हणाले, आणि मी पातेलं फ्रिजमध्ये ठेवलं. तेव्हापासून म्हातारी कंजूष झाली, असं ते सगळीकडे सांगत फिरतात.

तुम्हीही या कधी. सगळं करून ठेवीन आणि एकदाच विचारीन. तुम्ही काय म्हणाल ते मला आत्ताच माहीत आहे. तेव्हा येताना जेवूनच या.