हिरव्या रंगाचा खांब

"पाडायची," म्हणून मोठ्या साहेबांनी पेनाचं टोपण काढलं, तशा ग्रंथपाल बाई खुर्चीतून अर्ध्या उठल्या. सार्वजनिक वाचनालयाची जुनी इमारत दुरुस्त करायची की पाडून नवी बांधायची, हे आज बांधकाम कार्यालयाच्या तिसऱ्या मजल्यावर ठरत होतं. पाडायची सरकारला घाई असते; बांधायची नसते, हे बाईंना पक्कं ठाऊक होतं.

"साहेब, एक थेंब गळत नाही हो आमच्याकडे!"

"बाई, इमारती भावनेवर उभ्या राहत नाहीत. हा बघा तुमच्या खांबातून काढलेला नमुना. प्रयोगशाळेत निम्म्याचा भुगा झाला."

बाईंनी काँक्रीटचा तो तुकडा चष्मा वर सरकवून नीट न्याहाळला.

"याच्या टोकाला हिरवा रंग आहे. आमचे खांब पिवळे आहेत."

साहेबांचं पेन कागदापासून बोटभर वर थांबलं. नमुना काढणाऱ्या मिस्त्रीला बोलावणं गेलं.

"वाचनालयाचा खांब भलताच कडक, साहेब," मिस्त्री म्हणाला. "दोन पाती मोडली. आणि तुम्हाला तर संध्याकाळपर्यंत नमुना हवा होता. म्हटलं, दोन्ही इमारती सरकारीच, एकाच वर्षातल्या. खांबाखांबात काय फरक करायचा?"

"मग कुठल्या खांबातून काढलास?"

"इथल्याच. तळमजल्यावरच्या. बरोबर तुमच्या टेबलाखाली येतो बघा."

सगळ्यांनी एकदम हिरव्या भिंतींकडे पाहिलं. साहेबांनी खुणेनंच पंखा बंद करायला लावला. मोठे बाबू शिंक आवरून लालबुंद झाले.

"कोणी पळायचं नाही," साहेब कुजबुजले. "सेवाज्येष्ठतेनुसार बाहेर पडायचं."

सेवाज्येष्ठतेत साहेब पहिले होते. ते चवड्यांवर जिना उतरले. त्यांच्या मागून, एका पायरीवर एकच माणूस अशा बेतानं, अख्खं कार्यालय खाली आलं. या खात्याचं एवढं शिस्तबद्ध काम आजवर कोणी पाहिलं नव्हतं.

रस्त्यापलीकडे पोहोचल्यावर साहेबांनी बाबूंच्या पाठीवर कागद ठेवून नवा शेरा लिहिला: वाचनालयाची इमारत भक्कम, पाडू नये. बाईंचे डोळे भरून आले.

"फार उपकार झाले, साहेब."

"उपकार कसले! इतकी मजबूत सरकारी इमारत गावात दुसरी नाही. सोमवारपासून आमचं कार्यालय तिथंच."

"अहो, आणि पुस्तकं?"

साहेबांनी समोरच्या इमारतीकडे बोट दाखवलं.

"सगळे मजले मोकळे झालेत की, बाई."