मेहबूबचाचांचं खरं माप

मेहबूबचाचांना माणसांची नावं लक्षात राहत नाहीत, कंबरा राहतात. धाडच्या बाजारात त्यांच्या शिलाईच्या दुकानासमोरून कोणीही जावो, ते ना राम राम करतात ना सलाम, थेट आकडा फेकतात. "काय बे अडतीस, कुठं चालला?" हा अडतीस म्हणजे मी. लग्नात अठ्ठावीस होतो. मधले दहा इंच धाड-बुलडाणा रस्त्यावर जीप चालवता चालवता जमा झाले, आणि त्यातला प्रत्येक इंच चाचांनी माझ्या बायकोच्या आधी ओळखला.

आमचे सरपंच अठ्ठेचाळीस. भर ग्रामसभेत चाचांनी उठून विचारलं होतं, "अठ्ठेचाळीस, त्या नालीचं काय झालं?" सरपंचांनी निमूट उत्तर दिलं, कारण खरा आकडा बावन्न होता आणि चाचांनी चारचौघांत चार इंच माफ केले होते.

टेप गळ्यात असतो, पण तो दागिना. माप नजरेनं. चिखलीच्या एका कापूस व्यापाऱ्यानं एकदा फोनवरच कोट शिवायला सांगितला. चाचा म्हणाले, "इथवर याची गरज नाही. पाच मिन्टं बोलत राह्या." आवाजावरून त्यांनी छाती, कंबर आणि बाही कागदावर उतरवली. कोट असा बसला की व्यापारी तो काढायलाच तयार होईना. माझ्या माहितीप्रमाणे अजून अंगात आहे.

नियम मात्र एकच आणि कडक. माप देताना गिऱ्हाइकानं पोट आत ओढलं की चाचा बोटानं ढोसतात. "श्वास सोड बे. कपडा तुले घालाचा हाये, तुया फोटोले नाही."

आता दुसरी गोष्ट. सगळा बाजार नवाला उघडतो, चाचांचं दुकान अकराला. त्याआधी त्यांना कोणी पाहिलेलं नाही. दुकानामागेच घर, पण दार बंद. यावर गावात बऱ्याच कथा होत्या. त्यातली सगळ्यात गाजलेली म्हणजे चाचा दुबईच्या एका शेखचे कपडे शिवतात आणि तिकडं दीड तास उशिरा उजाडतं म्हणून तिकडच्या घड्याळानं उठतात. ही कथा मीच सोडली होती. पुढे ती फिरून माझ्याकडे आली तेव्हा इतकी सजून आली होती की मलाही खरी वाटली.

खरी गोष्ट कळली वंदनाताईंमुळे. वंदनाताई म्हणजे आमच्या गावच्या आशा सेविका. कसल्याशा सर्वेक्षणासाठी त्या सकाळी आठला चाचांच्या दारात उभ्या राहिल्या. आतून आवाज आला, "येतो, येतो." ताईंनी वाट पाहिली. मग शेजारच्या तीन घरांची माहिती लिहून परत आल्या. आतून अजून "येतो, येतो" चालूच. दार उघडलं तेव्हा चाचा चौकटीला धरून उभे होते, सदरा उघडा, आणि हाताची बोटं सगळी एका बाजूला कललेली, वाऱ्यानं ज्वारी कलते तशी.

संधिवात. सहा वर्षांचा. रोज सकाळी दोन-अडीच तास अंग लाकूड होतं, मग गरम पाणी आणि तेल लावून हळूहळू माणूस होतं. कात्री चाचा दोन्ही हातांनी धरत होते, सुईत दोरा दातांनी ओवत होते, आणि आम्हाला वाटायचं ही उस्तादाची ढब आहे. बाजारातल्या दोन शिकाऊ पोरींनी तर तशी कात्री धरायला सुरुवातही केली होती. जुबेदाचाची होत्या तोवर सगळं झाकलेलं राहिलं. त्यांना जाऊन दोन वर्षं झाली, तेव्हापासून ते काम बंद दार करत होतं.

ताईंनी जालन्याला फोन केला. तिथं चाचांची मुलगी नसरीन असते. ती दुसऱ्याच दिवशी नवंकोरं कुलूप घेऊन आली. "अब्बा, महिनाभरात इथं तुमची काही सोय लागली तर ठीक. नाहीतर घराले हे लावायचं आन् माह्याकडं यायचं." कुलूप तिनं खिडकीत ठेवलं आणि गेली.

चाचा माझ्याकडे आले, अर्थात अकरानंतर. "अडतीस, जालन्याले जाऊन मी करू काय? तिथं मले एकाची बी कंबर माईत नाही."

उपाय वंदनाताईंनीच सांगितला. बुलडाण्याला तपासणी होते. चाळीस टक्के किंवा वर अपंगत्व निघालं तर प्रमाणपत्र मिळतं. त्यावर ग्रामपंचायतीच्या राखीव निधीतून न्हाणीत धरायच्या दांड्या आणि संडासाची खुर्ची मिळते. शिवाय महिन्याची मदत बांधली गेली की सकाळी तासभर मदतीला बाई ठेवता येते. एवढं झालं की नसरीनचं कुलूप परत. सेतू केंद्रात अर्ज भरला, तारीख मिळाली.

तपासणीच्या दिवशी मी नऊला जीप घेऊन गेलो आणि बघतच राहिलो. चाचा दारात उभे, इस्त्रीचा सदरा, डोळ्यांत सुरमा, अंगाला अत्तराचा वास. पहाटे तीनला उठून त्यांनी एवढं पाणी तापवलं होतं की लोणारच्या सरोवरात ओतलं असतं तर काठ बुडाला असता. वर पाव शेर तेल आणि दोन गोळ्या.

"चाचा, तपासनीले चाल्लो की सोयरिकीले?"

"मोठा डाक्टर हाये बे. त्याच्यापुढं काय रडका चेहरा घेऊन जावं?"

डॉक्टर तरुण होते, शांत. म्हणाले, "मूठ मिटा." चाचांनी मिटली. कपाळावर घाम आला, पण मिटली. "हात वर करा." केला. असा केला की जणू निवडणुकीला उभे आहेत. इथपर्यंतही चाललं असतं. पण चाचांची नजर डॉक्टरांच्या पांढऱ्या कोटावर गेली. दुसरं बटण एका दोऱ्यावर लटकत होतं.

मी डोळ्यांनी खुणावलं, कोपरानं ढोसलं, शेवटी पायावर पाय दिला. काही उपयोग झाला नाही. चाचांनी टोपीच्या घडीतून सुई काढली, दातांनी दोरा ओवला आणि म्हणाले, "साहेब, हालू नका." डॉक्टर नको नको म्हणत असताना चाचांनी ते बटण लावलं. बाहेर रांग वाढली, आत एक नर्स येऊन उभी राहिली. पक्के चार टाके, वर गाठ. अशी गाठ की कोट फाटेल, बटण निघायचं नाही.

डॉक्टरांनी मनापासून आभार मानले आणि कागदावर लिहिलं, अठ्ठावीस टक्के.

परतीच्या वाटेवर चाचा खुशीत होते. "पाह्यलं का? डाक्टर बी म्हने, काका, हात चांगले चालून राह्यले." धाड आलं, मी जीप थांबवली, चाचा उतरेनात. बोटं सुजून टम्म झाली होती. दोन्ही बगलांत हात घालून मी त्यांना उतरवलं. पुढचे दोन दिवस दुकान अकरालाही उघडलं नाही.

वंदनाताईंना बटणाची हकीकत सांगितली तेव्हा त्या आधी खळखळून हसल्या आणि मग अशा तापल्या की चाचांनी टोपी सरळ केली. फेरतपासणीचा अर्ज करता येत होता. महिना संपायला बारा दिवस उरले होते.

मी म्हणालो, "चाचा, या बारीले काम मायाकडं सोपवा. मी शिकवतो. आत जाताना लंगडाचं, बसताना 'या अल्ला' म्हनाचं आन् मूठ मिटा म्हटलं की डोळे फिरवाचे." मी करूनही दाखवलं. इतकं हुबेहूब, की रस्त्यावरून जाणारी एक म्हातारी मला पाणी द्यायला आली.

चाचांचा चेहरा उतरला. "खोटं माप मी जिंदगीत कोनाले देल्लं नाही बे. जालन्याले जाईन, पन हे नाही करनार."

"खोटं माप तर तुम्ही मागच्या बारीले देल्लं," वंदनाताई म्हणाल्या.

चाचा माझ्याकडून ताईंकडे वळले.

"गिऱ्हाईक पोट आत ओढून माप देतं तवा तुम्ही काय म्हनता त्याले? पहाटे तीनपासून शेकून, तेल लावून, गोळ्या खाऊन तुम्ही डाक्टरपुढं पोट आतच ओढलं ना चाचा? घर चालवाचं हाये सकाळच्या हातांनी, आन् दाखवले दुपारचे."

चाचांनी गळ्यातला टेप काढून मांडीवर ठेवला. मग मला म्हणाले, "सातले ये. पानी तापवनार नाही. पन आत आल्यावर हासू नको."

हसण्याचा प्रश्नच नव्हता. फेरतपासणीची तारीख मिळाली त्या दिवशी सातला गेलो तर दाराची कडी काढायलाच त्यांना वीस मिनिटं लागली. मी बाहेरून "सावकाश" म्हणत होतो, ते आतून "येतो" म्हणत होते. आत गेलो तर न्हाणीपर्यंत भिंतीवर एक काळपट पट्टा उमटला होता, रोज हात टेकून टेकून. चहाचं भांडं दोन्ही मनगटांत धरून चुलीवर ठेवण्याच्या नादात ओट्यावर सांडलेल्या दुधाचे डाग. मी, जो तोंड उघडलं की तिखटमीठ लावल्याशिवाय राहत नाही, त्या खोलीत मला लावायला काहीच सापडलं नाही. मी त्यांना मोजे घातले, बगलेत धरून जीपमध्ये बसवलं, आणि चिखलात अंड्यांची गाडी न्यावी तशी ती जीप बुलडाण्याला नेली.

डॉक्टर तेच. "मूठ मिटा, काका." मूठ मिटली नाही. बोटं नुसती थरथरली. "हात वर करा." खांद्यापाशी अडला. चाचांनी नजर खाली घातली नाही, डॉक्टरांकडेच बघत राहिले. डॉक्टरांनी कोन मोजायची पट्टी काढली आणि एकेक सांधा मोजायला घेतला. तिसऱ्या बोटाशी चाचांना राहवलं नाही.

"साहेब, माप दोनदा घ्याचं असते."

"घेतो काका," म्हणाले डॉक्टर आणि खरंच दोनदा घेतलं.

पंचावन्न टक्के. कागद हातात आल्यावर चाचा बराच वेळ त्या आकड्याकडे बघत होते. "पंचावन्न," म्हणाले, "एवढी तर सरपंचाची बी नाही."

फोनवर आकडा ऐकून नसरीननं मुदत वाढवून दिली, मग सगळं झालं. झटपट झालं असं मी सांगितलं तर तुम्ही माझं उरलंसुरलंही खरं मानणार नाही. वंदनाताईंनी ग्रामपंचायतीच्या पायऱ्या इतक्या झिजवल्या की तिथं आता उतार झालाय आणि चाकांच्या खुर्चीवाल्यांची सोय झालीय. दांड्या बसल्या. खुर्ची आली. दुकानात येणाऱ्या प्रत्येक गिऱ्हाइकाला चाचा आधी न्हाणी दाखवायला नेऊ लागले. पँट शिवायला आलेला नवरदेव दांडीला लोंबकळून मजबुती तपासल्याशिवाय सुटत नव्हता. महिन्याची मदत सुरू झाली आणि गल्लीतल्या गयाबाई सकाळी सातला तासभर मदतीला येऊ लागल्या. नसरीन आली, सगळं स्वतः हात लावून पाहिलं, आणि कुलूप पिशवीत टाकून परत नेलं. जाताना रडली थोडी. चाचा तिला म्हणाले, "एक इंच कमी झाली तू. जेवत जाय."

आम्हाला वाटलं, आता दुकान नवाला उघडेल. सातला गयाबाई येतात, आठपर्यंत चाचा तयार असतात. पण दुकान अकरालाच. मी गयाबाईंना विचारलं. त्या म्हणाल्या, "काम आठले होते भाऊ. पन ते मले जाऊच देत नाहीत. बसवतात. माया गावाच्या गोष्टी इचारतात."

परवा गयाबाई लेकीच्या बाळंतपणाला गेल्या. सकाळी सव्वासातला मी ओट्यावर दात घासत होतो, तर गल्लीच्या टोकाला मेहबूबचाचा. काठी टेकत, केस विस्कटलेले, भर रस्त्यावरून, सगळ्या गावासमोर. येऊन माझ्या ओट्यावर बसले.

"काय झालं चाचा?"

"काई नाही. चाय प्याले आलो."

बायकोनं कपबशी आणून ठेवली. चाचांनी कपाकडे पाहिलं, मग स्वतःच्या हातांकडे.

"जुबेदा बशी धरायची," ते म्हणाले. "एकेक घोट. मधात बोलत राहायची. साडेदहा वाजत. हात तर नवालेच मोकळे व्हायचे बे. दुकान मी नवाले उघडू शकलो असतो."

मी ब्रश बाजूला ठेवला, चूळ भरली आणि बशीत चहा ओतला. ती दोन्ही हातांनी धरून त्यांच्या ओठांशी नेली.

"हालवू नको," चाचा म्हणाले. एक घोट घेतला. "आन् गप काऊन बसला? सांग काईतरी. खोटं असलं तरी चालते."